पुढच्या सालचा मोहोर

विश्रामतात्यांच्या तोंडून 'चांगला' हा शब्द मी चार वर्षांत एकदाच ऐकला, आणि तो ऐकायला मला पश्चिम जर्मनीपर्यंत जावं लागलं. एरवी त्यांचं काम तीन शेऱ्यांवर भागायचं. चालेल, बरा हाय, आणि काय खरां नाय. जेवण, जावई, पाऊस, सरकार आणि हापूस आंबा या सगळ्यांची बोळवण ते याच तिघांत करत.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. रत्नागिरीच्या एमआयडीसीत आंबा बागायतदारांच्या सहकारी संस्थेचा कॅनिंगचा कारखाना होता आणि मी तिथे केमिस्ट होते. केमिस्ट म्हणजे काय, तर एका खोलीत बसून रसाची गोडी आणि आंबटपणा मोजायचा, भरलेले डबे फुगत नाहीत ना ते बघायचं, आणि सरकारी तपासनीस आला की त्याला चहा पाजायचा. मी सावर्ड्याची, बी.एस्सी. झालेली आणि स्वतःला बरीच शहाणी समजणारी. तात्या संस्थेचे चेअरमन. पण चेअरमन म्हटल्यावर जो माणूस डोळ्यांपुढे येतो तसं त्यांच्यात काही नव्हतं. आखूड धोतर, खाकी शर्ट, काळी टोपी आणि काखेत छत्री. छत्री मे महिन्यातही असायची. खाडीकाठच्या उतारावर त्यांची शंभरेक कलमं होती आणि चौथीनंतरचं सगळं शिक्षण त्यांनी त्या कलमांखाली घेतलं होतं.

सकाळी अकराला ते फॅक्टरीत येत. नळावर पाय धुऊन आधी कापणीच्या टेबलांमधून एक फेरी मारत. हंगामात साठ बायका कामाला असायच्या, आजूबाजूच्या वाड्यांतल्या, बहुतेकींचे नवरे मुंबईला. आंबा सोलायचा, कोय काढायची आणि साका निघाला तर तेवढा भाग कापून टाकायचा, हे त्यांचं काम. साका हे हापूसचं दुखणं. वरून फळ देखणं असतं आणि आत कोयीजवळ पांढरट, बेचव गाठ निघते. कापल्याशिवाय कळत नाही. तात्या प्रत्येकीजवळ थांबत, पण आंब्याबद्दल चकार शब्द काढत नसत. मुंबईहून पत्र आलां काय, पोराचा कान बरा झाला काय, म्हस व्यायली काय, एवढंच विचारत. बायकांना ते आवडायचं. मला वाटायचं, हा माणूस चेअरमन आहे की पोस्टमन.

फेरी संपली की माझ्या खोलीत. मी त्या दिवशीच्या रसाचा चमचा पुढे करायची. ते डोळे मिटून चाखायचे आणि फळ कुठलं ते सांगायचे. हा कातळावरचा, हा खाऱ्या वाऱ्याचा, यात कुणीतरी पायरी घातलाय. एकदाही चुकले नाहीत. माझ्या यंत्रांना ते कधी जमलं नाही. मग डोळे उघडून म्हणायचे, चालेल. मी रात्रंदिवस राबून रस असा उतरवला होता की जीभ खूश व्हावी, आणि यांचं आपलं चालेल. पहिल्या वर्षी मला फार राग यायचा. रागाचं नंतर हसू झालं, ते आमच्या मॅनेजरमुळे.

मॅनेजर पुण्याचा. हुशार माणूस, पण देशावरचा. पहिल्याच मार्चमध्ये डबे मागवायचे म्हणून त्याने तात्यांना विचारलं, यंदा आंबा कसा आहे? तात्यांनी छताकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं आणि सांगितलं, काय खरां नाय. त्याने इतर बागायतदारांना विचारलं. कुणी म्हणालं मोहोर गळला, कुणी म्हणालं तुडतुडे पडले, एकाने तर कलमं तोडून काजू लावायची भाषा केली. बिचाऱ्याने निम्मेच डबे मागवले. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आवारात पाय ठेवायला जागा उरली नाही एवढा आंबा येऊन पडला आणि डबे संपले. पिकलेल्या आंब्याच्या वासाने मला तीन दिवस मळमळत होतं. मॅनेजर तात्यांवर तडकला. तात्यांना तो का तडकला तेच कळेना.

'मी तुम्हांला तवाच बोल्लो होतो, काय खरां नाय म्हणून,' ते म्हणाले. 'मंजे येनारच की.'

आमच्याकडे झाडावरच्या पिकाला कुणी चांगलं म्हणत नाही. ज्याचं झाड वाकलंय तोही कण्हतच बोलतो, आणि ऐकणारा ते बरोबर उलटं करून घेतो. नजर लागेल ही भीती सगळ्यांनाच असते. पण बाकीचे आंब्यापुरते कण्हतात. तात्यांनी सगळा संसारच त्या हिशेबाने चालवला होता. त्यांची मुलगी पदवीधर, शाळेत शिक्षिका, दिसायला नीटस. तिला बघायला पाहुणे आले तेव्हा तात्या म्हणाले, पोरगी तशी काळीच हाय आणि स्वयंपाकाचां काय खरां नाय. मुलीने आतून भांडं आपटलं. पाहुणे राजापूरकडचे होते, त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, आमच्या मुलाचीही नोकरी तशी यथातथाच आहे. मुलगा बँकेत अधिकारी होता. पंधरा मिनिटांत लग्न ठरलं.

हे सगळं गमतीत चाललं होतं तोपर्यंत ठीक होतं. मग एका पावसाळ्यात फॅक्टरीच्याच जिवावर बेतलं. आमचा सगळा माल मुंबईचा एक व्यापारी उचलायचा आणि स्वतःचं लेबल लावून परदेशी धाडायचा. त्याने कळवलं, पुढच्या हंगामापासून नको. त्याच सुमाराला एका कंपनीने आमची शेड मागितली. तिला आंब्याशी कर्तव्य नव्हतं, तिला तिथे मासळी गोठवायची होती आणि तिची माणसं ती बाहेरून आणणार होती. सभासदांची सभा झाली. सरकारी योजनेतून जर्मनीतल्या खाद्यपदार्थांच्या प्रदर्शनात एक गाळा मिळत होता. ठरलं असं, की तिथे आपलं स्वतःचं गिऱ्हाईक मिळालं तर फॅक्टरी ठेवायची, नाहीतर दिवाळीनंतर देऊन टाकायची. सभा चालू असताना बाहेर व्हरांड्यात पाच-सात बायका उभ्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी जा म्हणालंही नाही.

जायचं होतं मॅनेजरला, पण त्याचा पासपोर्ट वेळेत आला नाही. तात्यांकडे पासपोर्ट होता. मुलगा कुवेतला होता, त्याच्याकडे जायचं म्हणून काढलेला आणि न गेल्यामुळे कोरा राहिलेला. इंग्रजी बोलायला आणि मालाची माहिती द्यायला मी. माझी आई म्हणाली, परक्या देशात तरण्या मुलीने जायचं? मग तात्या येणार आहेत कळल्यावर म्हणाली, जा. असा हा आमचा दोघांचा संघ ऑक्टोबरात निघाला. त्यांच्या अंगात जावयाचा कोट, डोक्यावर काळी टोपी, आणि थंडी म्हणून मोजे घालून त्यावर चपला.

प्रदर्शनाचं एकेक दालन आमच्या एसटी स्टँडाएवढं होतं आणि अशी कितीतरी दालनं. भारताच्या भागात आम्हाला अगदी टोकाची जागा मिळाली, प्रसाधनगृहाला लागून. मी हिरमुसले. तात्या म्हणाले, बरां हाय, समदी हितनंच जातील. ते खरं ठरलं. त्यांनी गाळा मांडला तोही आपल्या पद्धतीने. घरून आणलेली लाकडी पेटी उघडून ठेवली, आत आंबे लावतात तसे डबे लावले आणि रोज सकाळी प्रत्येक डबा धोतराच्या फडक्याने पुसला. मी छोट्या कागदी पेल्यांत रस भरायची, ते पेला दोन्ही हातांनी पुढे करायचे. लोक थांबायला लागले. पिवळा रंग बघून थांबायचे, चाखून पुन्हा पेल्याकडे बघायचे. 

पहिलं खरं गिऱ्हाईक म्हणजे जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एक बाई. फळं घातलेलं दही विकणाऱ्या कंपनीची खरेदी त्या बघायच्या. त्यांनी रस चाखला, डब्यावरचा मजकूर वाचला आणि विचारलं, या वर्षीचा तुमचा माल कसा आहे? मी तात्यांना विचारलं. ते म्हणाले, 'बरा हाय. गेल्या साली ह्याच्यापरीस बरा होता. आनि दह्यात आंबा घालतंत? नासवतील.'

दह्याचं मी गाळलं. बाकीचं, का कोण जाणे, जसंच्या तसं इंग्रजीत सांगून टाकलं. सवयच ती, प्रयोगशाळेतल्या नोंदीसारखी. बाईंनी वहीत काहीतरी टिपलं आणि त्या निघून गेल्या. समोरच्या गाळ्यावर दुसऱ्या एका देशाचा आंबा होता. तिथला सुटाबुटातला माणूस येईल त्याला आपला माल जगात पहिला म्हणून सांगत होता. त्याच्या टेबलापाशी खुर्च्या भरलेल्या.

दुसऱ्या दिवशी मी शहाणपण केलं. तात्या म्हणत, बरा हाय, आणि मी इंग्रजीत सांगे, अत्युत्तम. दोनतीन गिऱ्हाइकांनंतर तात्यांनी मला थांबवलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण तोंडं वाचता येत होती. म्हणाले, मी बेस बोल्लो नाय. मी म्हटलं, इथे असंच बोलावं लागतं. त्यांनी पेले पुढे करायचं सोडलं आणि मागे जाऊन स्टुलावर बसले. दिवसभर तिथेच. पोरीच्या जातीने आपल्याला खोटं पाडलं असं त्यांना वाटलं असावं, आणि मला वाटत होतं, या माणसाच्या हट्टापायी साठ घरं बसणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही राहत होतो तिथे नाश्त्याला मी ते बोललेच. पुढ्यात पाव होता, तात्या तो चहात बुडवून खात होते. मी म्हटलं, तात्या, परत गेल्यावर त्या बायकांना तुम्ही सांगणार की मी सांगू? तुमच्या कलमांना नजर लागेल म्हणून तुमचं काम गेलं, असं?

ते पाव खायचे थांबले. मग त्यांनी सांगितलं, अगदी साध्या आवाजात. अठरा वर्षांचे असताना बाग अशी मोहरली होती की पान दिसत नव्हतं. हे बागेत उभे राहून मोठ्याने बोलले, यंदा फांद्या मोडनार. वडिलांनी ऐकलं. चौथ्या दिवशी अवकाळी पाऊस आला आणि सगळा मोहोर जमिनीवर. वडिलांनी मारलं नाही. फक्त पुढचे चार महिने ते यांच्याशी बोलले नाहीत, आणि त्याच पावसाळ्यात तापाने गेले. 'तवापासना जीभ उचलत नाय गो,' तात्या म्हणाले.  मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर राग गेला नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी जाड चष्म्याच्या बाई पुन्हा आल्या. खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, चार दिवस मी फिरतेय, सगळ्यांचाच माल उत्तम आहे. एका तुमच्याकडे तो गेल्या वर्षीपेक्षा कमी आहे. काय कमी आहे ते मला सांगा.

तात्या स्टुलावरून उठून आले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. उन्हाचा ताप यंदा लवकर आला, त्याने साका वाढला, साका म्हणजे काय, तो हाताने कसा शोधायचा, कुठली बाई डोळे मिटूनही तो कसा ओळखते, तेवढा भाग टाकल्यावर रस कमी भरतो पण त्यात गाठ येत नाही, आणि समोरच्या गाळ्यावरच्या रसात त्यांना ती गाठ कशी लागली. होय, ते तिथे जाऊन चाखून आले होते. बाईंनी आमचा एक डबा उघडायला लावला, रस पांढऱ्या बशीत पसरवला आणि चमच्याच्या पाठीने कितीतरी वेळ चाळवला. गाठ निघाली नाही. मग त्यांनी वही उघडली आणि त्या म्हणाल्या, ठीक आहे, तुमचा माल मी घेईन, तीन वर्षं. पण दह्याचे डबे, जाहिराती, सगळं आम्हाला आत्ता ठरवावं लागतं. पुढच्या मे महिन्यात माल येईल आणि तो चांगला असेल, हे मला चेअरमनच्या तोंडून हवंय.

मी ते तात्यांना मराठीत सांगितलं. ऑक्टोबर महिना होता. रत्नागिरीत झाडांवर अजून पालवीसुद्धा नव्हती. न आलेल्या मोहोराला, भरल्या बाजारात, परक्या माणसासमोर चांगला म्हणायचं होतं. मी काय सांगावं ते मला ठाऊक होतं, आणि या वेळी मी स्वतःहून एक अक्षर बोलले नाही. बोलले असते तर तात्यांनी मला अडवलं नसतं, असं त्यांच्या तोंडावरून वाटत होतं. म्हणूनच नाही बोलले.

'दोन मिनटां थांबा म्हनावां,' असं म्हणून ते पडद्यामागे गेले. तिथे आमचे खोके आणि केरसुणी ठेवायची फूटभर जागा होती. बाईंनी घड्याळ बघितलं. मी बशी पुसत बसले. पडद्याखालून मोज्यांतले पाय तेवढे दिसत होते, चपला काढून बाजूला ठेवलेल्या. दोनाची पाच मिनिटं झाली. मग ते बाहेर आले, टोपी सारखी केली आणि बाईंच्या डोळ्यांत बघून म्हणाले, 'माल चांगला हाय. फुडल्या सालीपन चांगला येईल. लय चांगला.'

भाषांतराची गरजच पडली नाही बहुतेक. तरी मी केलं, शब्दाला शब्द.

त्या संध्याकाळी रत्नागिरीला टेलेक्स गेला. परतीच्या विमानात मी एकदा म्हटलं, फॅक्टरी वाचली. ते म्हणाले, बगू. फॅक्टरीत पेढे वाटले, बायकांनी त्यांना ओवाळायला ताट आणलं तर ते नळावर पाय धुवायला म्हणून गेले ते मागच्या दाराने निघून गेले.

जानेवारीत मोहोर आला आणि सगळ्या तालुक्यात छान आला. फेब्रुवारीत खाडीवर आठ दिवस धुकं बसलं. वरच्या कातळावरच्या बागा वाचल्या, आणि खाडीकाठच्या उतारावरच्या तात्यांच्या कलमांचा मोहोर तेवढा काळवंडला. त्यांच्या शंभर झाडांवर आढी घालण्याइतकाही आंबा धरला नाही. बाकीच्यांनी फॅक्टरीला एवढा आंबा घातला की दोन पाळ्या कराव्या लागल्या. तात्या रोज अकराला येत राहिले. लोकांचा आंबा उतरताना बघायचे, फेरी मारायचे, माझ्याकडचा चमचा चाखायचे. त्यांना एका शब्दाने कुणी काही विचारलं नाही, आणि मला ते बघवत नव्हतं.

जर्मनीचा पहिला माल निघाला त्या दिवशी सभासदांनी त्यांच्यासाठी हार आणला, तर ते आलेच नाहीत. त्याच महिन्यात माझं लग्न ठरून मी ठाण्याला जायची होते. म्हणून दुपारी त्यांच्या बागेत गेले. ते माझं त्यांना शेवटचं बघणं. पुढे दोन पावसाळ्यांनी ते गेल्याचं मला पत्रानेच कळलं.

ते एका कलमाखाली गवत काढत होते. झाडं हिरवीगार आणि मोकळी. हारापासून पळालात का, विचारलं तर नुसतं हसले. मग मी माझं केमिस्टपण काढलं. म्हटलं, तात्या, ही भुरी आहे, मोहोरावरची बुरशी. दमट हवेत, धुक्यात पडते. बोलण्याने पडत नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

'आसंल,' ते म्हणाले. 'मनाला नाय लावलां. मीच मागून घेतलां तां.'

मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं, पडद्यामागे त्यांनी त्यांच्या गावच्या भैरी देवाला गाऱ्हाणं घातलं होतं. मी आता बोलणार आहे. बोलल्यावर कुणाची तरी नजर लागणार. तर ती माझ्या कलमांवर घे, बाकीच्यांच्या नको, आणि त्या बायकांचं काम राख. एवढं बोलायलाच त्यांना पाच मिनिटं लागली होती, कारण देवाशी बोलताना सुरुवात कुठून करायची ते परदेशात आठवेना.

मला रडू आलं. मी शिकलेली बाई, भुरीचं शास्त्रीय नाव मला पाठ होतं, आणि तिथे उभी राहून मी रडले. तात्यांना त्याचं अवघडल्यासारखं झालं. त्यांनी कोयता उचलला, धार बोटाने बघितली.

'घरी कुनाला बोललो नाय,' ते म्हणाले. 'तूपन फॅक्टरीत बोलू नको. बाकीच्यांना आपापला आंबा गोड लागायचा नाय.'

मी मान हलवली. ते पुन्हा खाली बसले आणि गवताला हात घातला. मी निघून बांधापर्यंत गेले असेन, तेव्हा त्यांनी मागून विचारलं, 'यंदा बायका किती घेतल्या गो?'

'नव्वद,' मी म्हटलं.

ते गवत काढत राहिले.